जॉन डिअर: हिरव्या ट्रॅक्टरवाला लोहार, त्याची बायको आणि त्याचे जावई

सातूची_भाकर

मागे ट्रॅक्टरच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की जॉन डिअर हे कंपनीचं नाव की माणसाचं, तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं. माणसाचंच. आणि गंमत म्हणजे त्या माणसाने आयुष्यात एकही ट्रॅक्टर बनवला नाही. तो गेला १८८६ साली आणि कंपनी ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली १९१८ मध्ये, आयोवातली एक इंजिनवाली कंपनी विकत घेऊन. हा बाबा लोहार होता, नांगर करायचा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मिसिसिपीच्या काठाला आयोवा-इलिनॉयच्या सीमेवर राहतो, इथून सव्वा-दीड तासावर ग्रँड डिटूर नावाचं पिटुकलं गाव आहे रॉक नदीच्या वळणावर. तिथे त्याचं जुनं घर आहे आणि मूळ भट्टी जिथे होती ती जागा १९६२ मध्ये विद्यापीठाच्या लोकांनी खणून शोधून काढली, ती तशीच उघडी ठेवून वर छप्पर घातलंय. शेजारच्या शेडमध्ये एक आजोबा घण मारून दाखवत होते, मुलं तिथेच चिकटली, मी घर बघत बसले. घर म्हणजे काय, सुरुवातीला बांधलेलं अगदी छोटं, मागून जोडत जोडत वाढवलेलं, आणि त्या स्वयंपाकघरात उभं राहून मला सारखं वाटत होतं की सगळीकडे गोष्ट सांगतात ती करवतीच्या पात्याची (ती पुढे येईलच) आणि या घरातल्या बाईबद्दल दोन ओळी. म्हणून हा धागा.

जन्म ७ फेब्रुवारी १८०४, रटलंड, व्हरमाँट. बाप विल्यम शिंपी. जॉन चार वर्षांचा असताना बाप बोटीने इंग्लंडला निघाला, तिकडे वारशाचे काही पैसे मिळायचे होते म्हणे, आणि परत आलाच नाही. समुद्रात गेला असंच धरतात. आई सेराने मिडलबरीत शिवणकाम करत पोरं वाढवली. १८२१ मध्ये जॉन तिथल्याच बेंजामिन लॉरेन्स नावाच्या लोहाराकडे चार वर्षं उमेदवारीला राहिला. १८२७ ला लग्न, बायको डेमेरियस लॅम्ब. मग स्वतःचं दुकान टाकलं ते जळालं, पुन्हा उभं केलं ते पुन्हा जळालं. कर्ज काढून उभं केलेलं दुकान दोनदा जळालं तर माणसाचं काय होतं ते सांगायला नको. त्या काळी व्हरमाँटमध्ये कर्जापायी तुरुंगात जावं लागायचं. शेवटी दुकान सासऱ्याला विकलं आणि १८३६ मध्ये एकटाच पश्चिमेला निघाला, खिशात सत्तरेक डॉलर. मागे चार लेकरं आणि पाचव्या वेळी गरोदर बायको.

त्याला आपण पायोनियर म्हणतो. सावकार मात्र पळाला म्हणाले असतील.

बाकी नंतर लिहिते, भाजी करपतेय.

ढेकूळ

वा! येऊ द्या ताई. आमच्या गावात तीन आहेत हिरवे, आणि मालक लोक 'जॉन्डियर' असं एका दमात म्हणतात, मला लहानपणी वाटायचं कुठल्यातरी देवाचं नाव असेल.

पेठेतला_पाहुणा

डिअर म्हणजे हरीण म्हणून लोगोवर हरीण, एवढंच माहीत होतं. स्पेलिंग वेगळं आहे हे आत्ता बघितलं.

सातूची_भाकर

@पेठेतला_पाहुणा, हो, आडनावावरची कोटी आहे ती, १८७६ पासून उडी मारणारं हरीण छापतात.

तर पुढे. व्हरमाँट ते इलिनॉय म्हणजे तेव्हा काही आठवड्यांचं काम. कालव्यातून बोटीने बफलो, तिथून मोठ्या सरोवरांतून शिकागो आणि मग घोडागाडी. ग्रँड डिटूर त्याने नकाशावर बोट ठेवून निवडलं नव्हतं, ते गाव वसवणारा लिओनार्ड अँड्रस हाही व्हरमाँटचाच. आपल्याकडे मुंबईत गिरणीत लागायला गाववाला लागायचा तसंच. तिथे पोचला तर अँड्रसची लाकूड कापायची गिरणी बंद पडलेली कारण तिचा दांडा मोडलेला आणि आसपास लोहार नाही. याने लगेच कच्ची भट्टी रचून तो सांधून दिला. झालं, कामाला तोटाच नाही.

आता नांगराचं. पूर्वेकडून आलेले सगळे शेतकरी ओतीव लोखंडाचे नांगर घेऊन आलेले, तिकडच्या रेताड दगडाळ मातीत ते छान चालायचे. इथली माती काळी, चिकट, लोण्यासारखी. नांगराला चिकटून बसायची, दर काही पावलांवर थांबायचं, हातातल्या लाकडी फळीने माती खरवडायची, पुन्हा बैल हाकायचे. लोक वैतागून परत जायच्या गोष्टी करत होते. १८३७ मध्ये जॉनने त्याच गिरणीतलं एक मोडकं करवतीचं पातं घेतलं, पोलादी, घासून घासून आरशासारखं झालेलं, त्याचा फाळ केला आणि माती पलटणारा वाकडा पत्रा चकचकीत घासला. माती घसरून पडायला लागली. नांगर आपला आपणच साफ होतो म्हणून त्याची ख्याती.

आणि हे चाललेलं असताना तिकडे व्हरमाँटमध्ये हॅनकॉक गावी २८ मार्च १८३७ ला डेमेरियस बाळंत झाली. मुलगा, चार्ल्स. नवरा हजार मैलांवर. १८३८ मध्ये ती पाचही पोरं घेऊन एवढा सगळा प्रवास करून आली. घरातली आठवण सांगतात की पोचल्या पोचल्या तिने ते बाळ नवऱ्याच्या हातात दिलं, घ्या आता तुम्ही, इथवर मी आणलंय. बापाने लेकाचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला ती करवतीच्या पात्यापेक्षा हीच गोष्ट जास्त खरी वाटते. म्हणजे घडली असेल नसेल, पण मी दोन पोरं आणि चार बॅगा घेऊन शिकागोला एकटी उतरले होते, त्यामुळे मी तिच्या बाजूने.

माळावरची_मैना

ताई शेवटच्या ओळीला शंभर वेळा अनुमोदन 😄

एकनंबर_काका

लेख चांगला आहे पण जरा थांबा. पोलादी नांगर जॉन डिअरने शोधला असं सरसकट लिहिलं जातं, ते बरोबर नाही. त्याच्या आधी १८३३ मध्ये त्याच राज्यात जॉन लेन नावाच्या लोहाराने करवतीची पाती ठोकूनच नांगर केला होता. त्याने पेटंट घेतलं नाही, मोठा कारखाना काढला नाही, म्हणून नाव मागे पडलं. इतिहास जाहिरातवाले लिहितात.

सातूची_भाकर

काका, मी 'शोधला' कुठे म्हटलंय? पण मुद्दा मान्य. तिकडे त्या जागेवरही एकट्याचाच उदो उदो असतो.

ढेकूळ

मी शेती करतो म्हणून बोलतो. फाळ कुणी पहिला केला याला फार अर्थ नाही, लोहार लोक एकमेकांचं बघूनच करतात, मोडकी करवत दिसली की कुठलाही लोहार उचलणारच, भंगार कधी सोडत नाहीत ते. खरी मेख त्या पत्र्याच्या वळणात असते. आपला जुना लाकडी नांगर माती उकरतो फक्त, पलटत नाही. तिकडचा नांगर गवताचं अख्खं कातडं सोलून उलथं टाकतो. वळण एक बोट चुकलं तर एकतर माती पडत नाही नाहीतर बैलाच्या मानेला ओढ बसते. आणि काळ्या रानात वाफसा चुकला तर पोलादी असो नाहीतर सोन्याचा असो चिखल चिकटणारच, तेव्हा ती 'आपोआप साफ होतो' वाली जाहिरात जरा जपूनच ऐका.

पेठेतला_पाहुणा

एक शंका. कुठेतरी ऐकलंय की बाप शिंपी होता, सुया वाळूत घासून गुळगुळीत केल्या की कातड्यातून पटकन जातात हे पोराने बघितलं होतं आणि त्यावरून नांगर घासायची आयडिया आली. खरं का?

एकनंबर_काका

अहो, बाप गेला तेव्हा पोर चार वर्षांचं. काय बघितलं असेल?

माळावरची_मैना

आई पण शिवायची ना काका. बापाने जे केलं ते इतिहास आणि आईने केलं ते कुणाच्या लक्षातच नाही, धाग्याचा विषय तोच आहे की 🙄

सातूची_भाकर

मैना 😄 सुयांची गोष्ट दंतकथेतच धरा. पण व्हरमाँटमध्ये असतानाच त्याच्या गवत उचलायच्या दातेरी काठ्या आणि फावडी चकचकीत घासलेली म्हणून नावाजलेली होती, म्हणजे घासायची खोड जुनी, इलिनॉयमध्ये काही साक्षात्कार झाला असं नाही.

काकांच्या मुद्द्यावर माझं म्हणणं असं की त्याचं वेगळेपण शोधात नाहीच, विकण्यात आहे. तोवर लोहार काय करायचा, गिऱ्हाईक आलं की करून द्यायचा. याने आधी नांगर करून ठेवले आणि मग गाडीत घालून गावोगाव दाखवत फिरला. आकडे बघा, १८३९ मध्ये १०, १८४० मध्ये ४०, १८४२ मध्ये १००, १८४३ मध्ये अँड्रसशी भागीदारी. मग त्याला कळलं की ग्रँड डिटूरची नदी मालवाहतुकीला कामाची नाही आणि पोलाद, कोळसा सगळं लांबून ओढत आणावं लागतंय. १८४८ मध्ये भागीदारी सोडून मोलीनला आला, मिसिसिपीवर, पाण्याचा जोर फुकट आणि बोटी दारात. दुसऱ्याच वर्षी दोन हजारांवर नांगर. ग्रँड डिटूर तिथेच राहिलं, रेल्वेही बाजूने गेली, आज तिथे धड चहा मिळत नाही.

पोलादाची पण गंमत, नुसत्या मोडक्या करवतींवर किती दिवस चालणार, मग इंग्लंडहून पोलाद मागवलं, नंतर पिट्सबर्गवाल्यांनी बनवून द्यायला सुरुवात केली.

डोंगरझाडी

वाचतेय, छान चाललंय, पण एक गोष्ट कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. ती काळी माती रिकामी पडलेली नव्हती. रॉक नदी मिसिसिपीला मिळते तिथे, म्हणजे मोलीनच्या अगदी शेजारी, सॉक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं सॉकेनुक नावाचं मोठं गाव होतं, बायका मक्याची शेती करायच्या, शेकडो एकर. १८०४ मध्ये सेंट लुईसला काही मोजक्या लोकांच्या सह्या घेऊन करार झाला आणि मिसिसिपीच्या पूर्वेची सगळी जमीन गेली. १८३२ मध्ये त्यांचा म्होरक्या ब्लॅक हॉक आपली माणसं घेऊन नदी ओलांडून परत आला, त्यात बायका-पोरं म्हातारे सगळे, त्यांना रॉक नदीच्या काठाने पळवत पळवत नेऊन ऑगस्टच्या सुरुवातीला मारलं. त्या मोहिमेत तरुण अब्राहम लिंकनही स्वयंसेवक होता, त्याला लढाई बघायला मिळाली नाही तो भाग वेगळा. त्यानंतर फक्त चार वर्षांनी आपला लोहार पोचतो. करार झाला ते साल आणि त्याच्या जन्माचं साल एकच आहे हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आणि गवत. इलिनॉयला अजून 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, राज्याचा निम्म्याहून जास्त भाग गवताळ होता, माणसाच्या डोक्यावर जाणारं गवत आणि मुळं त्याहून खोल. आज हजारात एक हिस्साही उरलेला नाही. जे उरलंय ते बरंचसं रेल्वेच्या कडेने आणि जुन्या दफनभूमीत, जिथे नांगर घालायला मनाई होती.

ढेकूळ

दफनभूमीतलं माहीत नव्हतं. आमच्याकडे देवराई तशी.

एकनंबर_काका

डोंगरझाडी यांचा मुद्दा योग्य आहे, मात्र त्याला नांगर जबाबदार की सरकार, यावर वेगळा धागा काढावा.

डोंगरझाडी

काढणार नाही काका. याच धाग्यात राहू दे.

कण्हेरी_काठ

उशिरा आलो. आपल्याकडची याच्याशी जुळणारी गोष्ट कुणीच कशी नाही सांगितली अजून! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी हात लावेनात कारण लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. आणि आता ऐका, अमेरिकेतही अगदी हेच, १७९७ च्या सुमाराला न्यू जर्सीत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने ओतीव लोखंडाचा नांगर आणला तर तिकडचे शेतकरी म्हणाले लोखंड जमीन नासवतं आणि तण वाढवतं. दोन टोकांचे शेतकरी, शंभर वर्षांचं अंतर, शंका तीच. लक्ष्मणराव आधी सायकली विकायचे हा अजून एक योगायोग, म्हणजे ते आणि जॉन डिअर दोघेही शेतकरी नव्हेत.

ढेकूळ

शेतकरी येडे नसतात हो. नवीन अवजार घेऊन हंगाम वाया गेला तर दुकानदार भरून देतो का?

कण्हेरी_काठ

तसं नाही म्हणायचं मला दादा, खरंच नाही.

सातूची_भाकर

आता जावयांकडे येते, शीर्षकात लिहिलंय तर लिहायला हवं.

एकूण मुलं नऊ. थोरला फ्रान्सिस आल्बर्ट, ज्याच्यावर धंद्याची भिस्त असणार, तो १८४८ मध्येच गेला, म्हणजे मोलीनला बिऱ्हाड हललं त्याच वर्षी. मग राहिला चार्ल्स, तोच तो बापाने वर्षभराने पाहिलेला. शिकागोला हिशेबाचं शिक्षण घेऊन सोळाव्या वर्षी कारखान्यात वह्या लिहायला लागला. १८५७ ला देशभर मंदी आली, बँका बुडाल्या, आणि पुढच्या वर्षी कारभार या पोराच्या हातात आला, वय २१. बापाने जन्मभर कर्जाचा धसका घेतलेला, तरी धंदा हिशेबात कच्चाच होता, उधारीवर माल द्यायचा आणि वसुली नाही. म्हातारा नावाला अध्यक्ष राहिला पण चालवलं पुढची जवळजवळ पन्नास वर्षं चार्ल्सने, १९०७ ला मरेपर्यंत. आज आपल्याला जॉन डिअर माहीत आहे ते चार्ल्समुळे, असं माझं ठाम मत आहे. १८६८ मध्ये रीतसर कंपनी झाली तेव्हा प्रमुख भागधारक कोण, तर बाप, लेक, जावई स्टीफन वेली आणि भाचा जॉर्ज विंटन. सगळा घरचाच गोतावळा.

चार्ल्सला मुलगा नाही. दोन मुली, ॲना आणि कॅथरीन. १९०७ नंतर प्रमुख झाला कॅथरीनचा नवरा विल्यम बटरवर्थ. १९२८ ला त्याच्या जागी आला ॲनाचा मुलगा चार्ल्स डिअर वाइमन. तो १९५५ ला गेला, तर त्याची जागा घेतली त्याच्या जावयाने, विल्यम ह्युइट, तो १९८२ पर्यंत. म्हणजे पंचाहत्तर वर्षं कंपनीवर डिअर आडनावाचा एकही माणूस नाही, जावई, जावयाचं पोर आणि मग त्या पोराचा जावई. आपल्याकडे 'जावयाचं पोर हरामखोर' म्हणतात, त्या जावयाच्या पोराने महामंदीत कंपनी तगवली.

माळावरची_मैना

🤣🤣 ही म्हण आमच्या सासूबाईंना वाचून दाखवली, त्या म्हणाल्या तिकडची माणसं वेगळी.

पण म्हणजे बघा हां, मालकी मुलींकडून पुढे गेली आणि खुर्चीवर बसले त्यांचे नवरे. ॲना-कॅथरीनपैकी कुणी बसलं असतं तर?

सातूची_भाकर

तेव्हा तो प्रश्न कुणी विचारलाच नसणार गं.

बाकी त्या घराण्याच्या फांद्या मजेशीर आहेत. वाइमनचा सख्खा भाऊ ड्वाइट न्यूयॉर्कला नाटकांचा निर्माता झाला, ब्रॉडवेवर मोठं नाव. म्हणजे नांगराचा पैसा रंगभूमीवर गेला. आणि वेली जावयाचा मुलगा विलार्ड, त्याने मोलीनमध्येच मोटारी काढल्या, वेली नावाची गाडी, वीस वर्षं चालली आणि १९२८ ला संपली.

पेठेतला_पाहुणा

नाटकवाला नातू आवडला. पणतू ना? कोण कुणाचा?

सातूची_भाकर

पणतू. जॉनचा मुलगा चार्ल्स, त्याची मुलगी ॲना, तिची मुलं हे दोघे वाइमन.

कोकणकडा_७७

मी पुण्यात सणसवाडीच्या बाजूला राहतो, तिथे यांचाच ट्रॅक्टरचा कारखाना आहे, रोज बसेस बघतो कामगारांच्या. तो लोहार होता हे आज कळलं. आमच्या आळंदी रोडवरच्या लोहाराचं नाव पण असंच मोठं होवो 🙏

एकनंबर_काका

माणूस म्हणून कसा होता याबद्दल लिहा. कामगारांशी, भागीदारांशी वगैरे.

सातूची_भाकर

काका, हट्टी. मोलीनमधला त्याचा भागीदार रॉबर्ट टेट कंटाळून जायचा कारण हा दर थोड्या दिवसांनी नांगराच्या आकारात काहीतरी बदल करायचा, टेटचं म्हणणं लोकांनी एवढे घेतलेत ना, मग कशाला हात लावायचा, आणि याचं म्हणणं गिऱ्हाईक काही आपल्याला बांधलेलं नाही, आपण सुधारलं नाही तर दुसरा सुधारेल. भागीदारी काही वर्षांतच मोडली.

एक खटलाही आहे. मोलीनमध्येच दुसरी एक मंडळी 'मोलीन प्लाऊ' नावाने नांगर विकायला लागली, जवळजवळ तसाच छाप, डिअरने १८६७ मध्ये कोर्टात खेचलं, खाली जिंकला आणि वर इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. गावाच्या नावावर एकट्याचा हक्क कसा सांगणार.

उतारवयात दोन वर्षं मोलीनचा महापौर होता १८७३ पासून, उघडी गटारं बुजवून नळ घालायचं काम केलं, पुन्हा उभं राहायला सांगितलं तर तब्येतीमुळे नाही म्हणाला.

आणि डेमेरियस १८६५ मध्ये गेली. कंपनी रीतसर झाली, ते सगळं ऐश्वर्य, ते तिने पाहिलं नाही. नंतर त्याने तिच्याच धाकट्या बहिणीशी, लुसिनियाशी लग्न केलं.

ढेकूळ

आमच्या पणजोबांनीही मेहुणीशीच केलं होतं दुसरं. पोरांना परकी आई नको म्हणून.

माळावरची_मैना

इथे पोरं मोठी झालेली होती की दादा.

ढेकूळ

मग म्हाताऱ्याला जेवायला कोण घालणार 😀

डोंगरझाडी

त्या पहिल्या नांगरांपैकी एखादा उरलाय का कुठे?

सातूची_भाकर

उरलाय. १८३८ मध्ये केलेल्यांपैकी एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. फोटोत बघितला तर अगदी साधा, लाकडी दांडे आणि खाली तो वळवलेला पत्रा, ढेकूळ म्हणतात तसं सगळं त्या वळणातच आहे. ग्रँड डिटूरला आहे ती नक्कल.

आणि कबर मोलीनच्या रिव्हरसाइड दफनभूमीत, टेकडीवर, आमच्या घरापासून वीस मिनिटं. इतक्या वेळा खालून गेले पण वर गेले नाही. रविवारी पाऊस नसेल तर पोरांना घेऊन जाते. डोंगरझाडी, तिथे कडेला जुनं गवत उरलेलं दिसलं तर फोटो टाकते, मला ते ओळखू येत नाही, तुम्हीच सांगा कुठलं ते.

डोंगरझाडी

टाका. बिया धरलेला तुरा तीन बोटांसारखा फाकलेला असला तर नीट जवळून घ्या. तिकडे त्याला टर्कीचा पाय म्हणतात.